माझ्या प्रार्थनेतला टोमणा

तिचा गळा बेसूर असता तर मी तिच्यावर सख्ख्या बहिणीसारखी माया केली असती. पण मेलीचा आवाजच असा, की पहिल्या रविवारी ती माझ्या मागे बसून गायली आणि माझं मलाच ऐकू येईना.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. शहापुरात आमची ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. माझे यजमान शाळामास्तर. त्यांच्याच वर्गात बसकरं अंथरून रविवारची उपासना व्हायची, आणि भजन मी सांगायचे; आधी मी ओळ गायची, मग मागून सगळ्यांनी. नऊ वर्षं मीच. मग दवाखान्यात नवा कंपाउंडर आला आणि त्याच्याबरोबर ही त्याची बायको, नगरकडची, विशीतली. नाताळ जवळ आला तसे पाळक आसनगावला गाडीतून उतरून टांग्याने आले. तिचं एक भजन ऐकलं आणि म्हणाले, यंदा नाताळची गाणी हिलाच सांगू द्या. मी हसून मान डोलावली. घरी येऊन भाकरी अशी थापली की शेजारीण विचारायला आली, काय झालं गो.

काय होणार? अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. विहिरीवर ती आली की मी बोलणं थांबवायचे. बाकीच्या बाया माझ्या शब्दाबाहेर नव्हत्या, त्याही गप्प व्हायच्या.

बुधवारी आम्हा बायकांची प्रार्थना असायची. एकेकीने डोळे मिटून मोठ्याने मागायचं, मध्ये कोणी बोलायचं नाय. त्यामुळे तोंडावर बोलता येत नसे ते आमी देवाला सांगायचो. सासू सुनेच्या आळसासाठी मागायची, सून सासूच्या जिभेसाठी, आणि दोघी आमेन म्हणायच्या. त्या बुधवारी मागायची माझी पाळी आली.

"प्रभू, आमच्यात आलेल्या नव्या बहिणीला तू गळा दिलास," मी म्हटलं, "आता तिला नम्रताही दे. तिचा ताठा मोड."

कोणीतरी खोकलं. मग सगळ्यांनी आमेन म्हटलं, आणि तिचं आमेन सगळ्यांत स्पष्ट ऐकू आलं. पुढची पाळी तिचीच. तिने देवाचे उपकार मानले, की या गावात आल्यापासून माझ्यासाठी कोणी तोंड उघडलं नव्हतं, ते आज मास्तरीणबाईंनी उघडलं. मला वाटलं, बावळट आहे, कळलंच नाय हिला. आणि मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

पण घास काही गोड लागेना. शुक्रवारी दुपारी मी तिच्या दारात गेले. ती तांदूळ निवडत बसली होती. उभ्या उभ्याच सांगितलं, ती प्रार्थना नव्हती गो, टोमणा होता. मी जळते तुझ्यावर.

तिने सूप खाली ठेवलं.

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "पण ताठा आहेच माझ्यात, मास्तरीणबाई. गायला लागले की देव आठवत नाही, लोक माझ्याकडे बघतात तेवढंच दिसतं. तुम्ही नेमकं तेच मागितलंत."

मी तिथेच टेकले आणि तिच्या तांदळातले खडे वेचू लागले. नाताळला भजन तिनेच सांगितलं. मी मागून म्हटलं, आणि पोटात दुखायचं ते दुखलंच. पण आता गळ्यापेक्षा तिच्या मनाचा हेवा जास्त वाटत होता. गळ्याचा हेवा काढून टाक म्हणून मी देवाकडे पुष्कळ वर्षं मागत राहिले. हा दुसरा काढ म्हणून कधी मागितलं नाय.