लिव्हरची बंदूक आणि सुदामचं बोट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — बोट गेलं ते तिच्या बहिणीच्या नवऱ्याचं.

सुरुवात मात्र हसण्यासारखी आहे. पर्वत पाटिया नावाच्या चौकाजवळच्या आमच्या सोसायटीत दसऱ्याला सगळ्यांची शस्त्रं एकत्र पुजतात. कुणाची तलवार, कुणाची कट्यार. आणि मी — कापड कारखान्यातला कारकून — विळी मांडायचो. "भाऊ, आज भाजी कशानं चिरणार?" दरवर्षी तोच टोमणा. मला रायफल हवी होती, खालची लिव्हर ओढून भरतात तसली. खरी परवडणार कुठून, आणि मला परवाना कोण देणार? शेवटी बारडोलीच्या एका ऊसवाल्याकडून जुनी छर्र्यांची बंदूक घेतली. लिव्हर तशीच. घासाघीस करून, अगदी स्वस्तात.

स्वस्त का, ते त्यानं लपवलं नाही. आतला खटका झिजला होता. "छर्रो भरो त्यारे लिव्हर पकडी राखजो, साहेब. छटकशे." छर्रा भरताना लिव्हर घट्ट धरून ठेवा, निसटेल. मला समजलं नव्हतं? चांगलं समजलं होतं.

सोसायटीत मात्र मी फुशारकी मारली — नव्यासारखी आहे, ऊसवाल्याला गंडवला!

पूजा झाली. मंडळी पलीकडे आपट्याची पानं वाटत होती. साडू सुदामनं बंदूक उचलली. "भाऊ, भरून बघू?" एका वाक्याचं काम होतं. पण ते बोललो असतो तर गंडलं कोण, हे त्याला कळलं असतं — आणि मग सगळ्यांना. मी म्हणालो, "बघ की, घाबरतोस काय!"

त्यानं लिव्हर ओढली, छर्रा बसवायला बोट आत घातलं, आणि लिव्हर निसटून आपटली. उजव्या तर्जनीचं पेर गेलं.

सुदाम कापडाच्या यंत्रमागावर कामाला होता. तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ मारायची, तीही चालत्या कामात — त्या बोटावर त्याचं घर चालायचं. आता तो सचिन नावाच्या गावी एका कारखान्याच्या गेटवर राखणीला बसतो.

आणि मी काय केलं? लोक धावत आले तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो — "सांगितलं होतं ना तुला, लिव्हर धरून ठेव म्हणून!"

त्या कळांमध्ये त्याला काय आठवणार होतं? हल्ली कुणी बोटाचं विचारलं, की तोच सांगतो, "भाऊ बजावत होते, मीच ऐकलं नाही."

मी शेजारी बसलेलो असतो. मान डोलावतो.