मार्लिसच्या काउंटरवरची नऊ भांडी

नॉर्डालमध्ये 'नाही' हा शब्द कुणी तोंडावर म्हणत नाही. डकोटाच्या सपाट मुलखातलं दोन हजार वस्तीचं आमचं गाव. इथे माणूस मान हलवतो, "बरी कल्पना आहे हं," म्हणतो, कॉफीचा घोट घेतो आणि हवेचा विषय काढतो. हे जन्मल्यापासून माहीत असूनही मार्लिस ट्वाइट फसली. त्रेसष्ट वर्षांची बाई, चाळीस वर्षं हार्डवेअरचं दुकान चालवलेली, तरी फसली. याचं कारण एवढंच की ती भयंकर चिडली होती, आणि चिडलेल्या माणसाला समोरचेही आपल्याइतकेच चिडलेत असं वाटतं.

चिडायला कारण होतं. राज्याच्या विधिमंडळातला आमचा सेनेटर रॉजर क्लाइस्ट निवडणुकीच्या निधीसाठी दर जुलैत गोल्फचा दिवस ठेवतो. मैदानावर अठरा खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्याशी पैसे देणाऱ्या दुकानाची पाटी. सात नंबरचा खड्डा एकोणीस वर्षं ट्वाइट हार्डवेअरचा. मार्लिसचा नवरा नॉरिस होता तोपर्यंत तो देत होता, तो गेल्यावर ही देत राहिली. कशासाठी, असं कुणी विचारत नसे. द्यायचे असतात म्हणून द्यायचे.

गेल्या जुलैत ती गेली तर सात नंबरला पाटीच नाही. तिथेच काय, अठराही खड्ड्यांवर एकच पाटी: हायवेवरच्या त्या अवाढव्य साखळी दुकानाची, ज्याच्यात खिळ्यापासून बोटीपर्यंत सगळं मिळतं. रॉजरच्या माणसाने तिला बाजूला घेऊन गोड आवाजात सांगितलं, "तुमची पाटी पार्किंगजवळ लावलीय, मार्लिस. तिथे जास्त लोक बघतात." आणि पुढच्याच महिन्यात बातमी आली, त्या दुकानाला दहा वर्षं कर माफ.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती मार्च आला तरी उतरली नव्हती. "एकोणीस वर्षं आपण खंडणी भरली," ती आर्लो ब्रेकेच्या बेकरीत उभी राहून म्हणाली, "आणि वर ती कमी पडली! लाज वाटायला हवी आपल्याला."

त्या सकाळी बेकरीत गावातले बारा दुकानदार होते. तिनेच बोलावलेले. शेजारच्या मतदारसंघातल्या एका तरुण आमदारीण बाईंनी विधेयक आणलं होतं: एका कंपनीने उमेदवाराला किती द्यायचं याला मर्यादा, आणि कुणी किती दिलं ते मतदानाच्या आधी जाहीर. विधेयक ज्या समितीपुढे जाणार तिचा अध्यक्ष कोण, तर हाच रॉजर. आणि रॉजरने वर्तमानपत्राला सांगून टाकलं होतं की व्यापाऱ्यांना असला कायदा नकोच आहे, एक तरी व्यापारी दाखवा.

"दाखवू या," मार्लिस म्हणाली. "मंगळवारी दहाला सुनावणी. चर्चची व्हॅन मी सांगून ठेवलीय. साडेसहाला माझ्या दुकानासमोरून निघू. तिथे जाऊन नुसतं उभं राहायचं, बोलेन मी. कोण कोण येतंय?"

माना हलल्या. "विचार करण्यासारखं आहे," औषधाच्या दुकानाची व्हर्ना सुंडवोल्ड म्हणाली. "कुणीतरी करायलाच हवं," आर्लो म्हणाला. भट्ट्या आणि हीटर बसवणारा ड्वेन हॉवलंड टोपी हातात फिरवत म्हणाला, "मंगळवार तसा बरा वार आहे."

सरळ उत्तर एकटीनेच दिलं. लूपे अरियागाने. चौकातलं खाण्याचं दुकान तिचं. ती दक्षिणेकडून इथे येऊन पंधरा वर्षं झाली, आणि मार्लिसला ती मानाने डोन्या म्हणते.

"मी येणार नाही, डोन्या मार्लिस. माझा बिअरचा परवाना पुढच्या महिन्यात रॉजरच्या मेव्हण्याच्या टेबलावर येतोय."

"मग तर तू यायलाच हवंस!"

"मला तीन पोरं आहेत. म्हणून नाही येणार." आणि दाराशी पोचल्यावर ती वळून हळूच म्हणाली, "तुमच्या लक्षात येत नाहीये का? हे सगळे नाहीच म्हणताहेत."

"तुला आमची माणसं अजून कळली नाहीत," मार्लिस फटकन म्हणाली. तिने वहीत अकरा नावं लिहिली आणि अकरांसाठी सँडविचचा पाव सांगून टाकला.

मंगळवारी सहाला ती दुकानाशी आली. मार्चची थंडी, रस्त्याकडेला मळकं बर्फ. दारासमोर माणूस नव्हता. पायरीवर भांडी होती.

आमच्याकडे कुणी गेलं, कुणाचं घर जळलं, कुणाला बाळ झालं की हॉटडिश जाते. खालून खिमा, त्यावर घट्ट सूप, वर बटाट्याच्या गोळ्यांचा थर, भट्टीतून खरपूस भाजून काढलेली. दारात ठेवायची आणि घंटा न वाजवता निघून जायचं. भांडं परत यावं म्हणून बुडाला कागदी चिकटपट्टीवर आपलं नाव. तर अशी नऊ भांडी, फॉइलने झाकलेली, अजून कोमट. मार्लिसने एकेक उचलून खाली पाहिलं. सुंडवोल्ड. ब्रेके. हॉवलंड. गावातल्या प्रत्येक घरातली ती चिकटपट्टी तिच्याच दुकानातून गेलेली. अकरांतल्या दोघांनी तेवढेही कष्ट घेतले नव्हते.

ती पायरीवरच उभी राहिली. मी काय मेले आहे? तिला वाटलं. माझं सुतक पाळताहेत हे? पहाटे पाचला उठून बटाट्याच्या गोळ्या रचायला वेळ आहे, आणि व्हॅनमध्ये बसायला नाही! बायकांनी रांधलं असेल, आणि हे बाप्ये अंधारातच ठेवून पसार झाले असतील, दिवे न लावता गाडी चालवत. तिला शिव्या आल्या; नॉर्डालच्या मानाने बऱ्यापैकी शिव्या.

पण साडेसहाला ती निघाली. व्हॅनच्या चौदा सीटांपैकी नऊंवर तिने भांडी ठेवली आणि रागारागाने त्यांना पट्टे बांधले. अडीच तासांच्या रस्त्यात ती त्यांच्याशी बोलत होती. "व्हर्ना, तुझं ते औषधांचं दुकान दोन वर्षांत हायवेवाले गिळतील, तेव्हा ये माझ्याकडे रडत." "आर्लो, तुझा बाप असा नव्हता." तिने ठरवूनच टाकलं होतं. समितीपुढे भांडी पालथी घालायची आणि मोठ्याने नावं वाचायची. होऊ दे तमाशा. त्यांनी नाव कागदावर नाही दिलं, भांड्यावर तर दिलंय ना?

विधानभवनाच्या पार्किंगमध्ये तिने व्हॅन लावली. शेजारी लांबलचक काळी गाडी. तिच्यातून हायवेवाल्या दुकानाचे चार लोक उतरले, गुळगुळीत दाढ्या, एकसारखे कोट, आणि त्यांना घ्यायला रॉजरचा तोच गोड आवाजाचा माणूस पळत आला. त्याच्या हातात छोटी वही होती. कोण आलं, कोण नाही, ते तो लिहून घेत होता.

मार्लिसने हॉवलंडचं भांडं मांडीवर घेतलं. हिरवं, एका कोपऱ्याला पिचकलेलं. ड्वेनकडे शाळेच्या हीटरचं काम होतं, तेवढंच एक मोठं. ते काम कुणाच्या शब्दाने मिळतं आणि कुणाच्या शब्दाने जातं ते सगळ्या गावाला ठाऊक. मुकाट माणूस; नॉरिस गेला त्या हिवाळ्यात रोज येऊन तिच्या दारातलं बर्फ ओढून गेला होता, एक शब्द न बोलता.

"मर मेल्या," ती म्हणाली, आणि नखाने त्याच्या नावाची पट्टी खरवडायला लागली. नऊच्या नऊ काढल्या. एवढी चिडलेली होती तरी काढल्या, आणि काढताना आणखी चिडली.

दारावरच्या शिपायाने भांड्यांनी भरलेली तिची ढकलगाडी अडवली. "बाई, आत खायला बंदी आहे."

"खायला नाही आणलं. साक्षीला आणलंय."

तिची पाळी आली. तिने टेबलावर नऊ भांडी मांडली आणि उभी राहिली. वर उंच खुर्चीत रॉजर. शाळेत हिच्या एक वर्ग मागे होता, नाक गळायचं त्याचं. आता घसा खाकरून म्हणाला, "श्रीमती ट्वाइट, तुम्ही कुणाच्या वतीने बोलणार आहात?"

"नॉर्डालच्या नऊ दुकानांच्या, अध्यक्ष महाराज."

"नावं सांगाल?"

"मी काढून टाकली."

सभागृहात खसखस पिकली. हायवेवाल्यांपैकी एकाने फोनवर भांड्यांचा फोटो घेतला. रॉजर हसला, त्याचं ते निवडणुकीच्या कॅलेंडरवरचं हसू. "मग समितीने कशावर विश्वास ठेवायचा, श्रीमती ट्वाइट? बटाट्यांवर?"

इथे तिचं अध्यक्ष महाराज सुटलं. "रॉजर, तुझी आई गेली तेव्हा तुझ्या ओट्यावर काय होतं सांग. हे हिरवं भांडं होतं की नाही? हे काचेचं, निळ्या फुलांचं? तीन आठवडे जेवलास यांतून. तुला यातलं प्रत्येक भांडं ठाऊक आहे. मला नावं वाचायची गरजच नाही. आणि तुला नावं ठाऊक आहेत, म्हणूनच ही माणसं आज इथे नाहीत. व्यापाऱ्यांना कायदा नकोय म्हणतोस? व्यापाऱ्यांना तू नको झालायस, आणि ते म्हणायची त्यांची छाती नाही. त्या माणसाच्या हातातली वही माग आणि वाच सगळ्यांसमोर. कशाला लागते ती?"

रॉजरने त्या हिरव्या भांड्याकडे पाहिलं, मग कागदांकडे. "वेळ संपली," तो म्हणाला.

सहा विरुद्ध पाच. विधेयक पुढच्या जानेवारीवर ढकललं. मार्लिसने हॉटडिश शिपायांना, सफाईवाल्यांना आणि त्या तरुण आमदारीण बाईंना वाढून टाकली, आणि रिकामी भांडी घेऊन घरी आली.

दुसऱ्या दिवशी भांडी घासूनपुसून दुकानाच्या काउंटरवर रांगेने उभी. वर पुठ्ठ्याची पाटी: आपापलं घेऊन जा. नाव नाही, त्यामुळे मागावं लागेल.

आता गावाची पंचाईत झाली. सुनावणीची बातमी घरोघर पोचली होती. भांडं मागायचं म्हणजे भर दुकानात, चार लोकांसमोर, हे माझं म्हणायचं. आर्लो आला, भांड्यांकडे न बघता दोन बल्ब घेऊन गेला. घरी तसले बल्ब लागतसुद्धा नाहीत त्याच्या. व्हर्नाने तर कहर केला. सरळ आली, फडताळावरून नवं कोरं काचेचं भांडं काढलं आणि स्वतःच्याच निळ्या फुलांच्या भांड्याच्या शेजारी ठेवून पैसे दिले.

"जुनं फुटलं का गं?" मार्लिसने विचारलं.

"असंच. एक जास्तीचं असलेलं बरं," व्हर्ना म्हणाली, आणि वर हवेचं बोलली. मार्चच्या मानाने ऊब आहे नाही, म्हणे! मार्लिसला ते भांडं उचलून तिच्या डोक्यात घालावंसं वाटलं. तिने पिशवीत घालून दिलं.

लूपे रोज दुपारी डोकावायची. "किती राहिली, डोन्या?"

"नऊ."

"माझं त्यात नाही," ती म्हणायची.

"तुझं कसं असेल? तू तोंडावर नाही म्हणालीस. त्याबद्दल तुझ्यावर रागावले होते मी," मार्लिस एकदा म्हणाली. "अख्ख्या गावात एक तूच खरं बोललीस."

शनिवारी दुपारी दुकान भरलेलं असताना ड्वेन हॉवलंड आला. टोपी हातात. काउंटरसमोर येऊन थांबला, कान लाल.

"ते हिरवं आमचं आहे," तो म्हणाला.

रंगाचे डबे बघणारे दोघे वळले. मार्लिसने त्याला मुळीच सोडलं नाही. "कशावरून? नाव नाही त्याच्यावर."

ड्वेनने मागच्या खुंटीवरून कागदी चिकटपट्टीचा रोल काढला, त्याचे पैसे काउंटरवर ठेवले, आणि तिच्याच पेनाने पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ड्वेन हॉवलंड. तिला वाटलं, आता भांड्याला लावेल. तो दाराबाहेर खिडकीपाशी गेला. काचेला आतून तिने त्या विधेयकाला पाठिंब्याचं पत्र चिकटवून ठेवलं होतं, खाली एकटीची सही; त्याच्या बरोबर खाली, काचेच्या बाहेरच्या बाजूने, त्याने नावाची पट्टी लावली आणि अंगठ्याने दाबून दाबून घट्ट केली. अक्षरं रस्त्याकडे. मग तो आत आला.

"शाळेचं काम जाईल तुझं," मार्लिस हळू म्हणाली.

"जाईल," ड्वेन म्हणाला. "जाऊ दे. त्या सकाळी मी गाडीत बसून होतो, तुझी व्हॅन जाताना दिसली. भांड्यांना पट्टे बांधलेले दिसले. घरी जाऊन मला नाश्ता गेला नाही."

त्याने भांडं काखेत मारलं. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मार्लिसने इकडेतिकडे पाहिलं, काउंटरवर त्याचाच उरलेला चिकटपट्टीचा रोल होता, तो पेनासकट भांड्यात टाकला.

"मला काय करायचाय आता?" ड्वेन म्हणाला.

"आठ जण राहिलेत," मार्लिस म्हणाली.

ड्वेन बाहेर पडला. त्याची गाडी दुकानासमोरच उभी होती, पण तो तिच्याकडे गेला नाही. भांडं काखेत घेऊन तो रस्ता ओलांडून व्हर्नाच्या औषधाच्या दुकानाकडे चालू लागला.