सिद्रामप्पांचं उघडं कार्ड

सिद्रामप्पा सोलापुरातल्या आमच्या शाळेत कारकून होते आणि मी त्यांच्या हाताखाली. माणूस कामाला वाघ, पण सवयीचा गुलाम. पाकिटं हेडमास्तरांच्या कपाटात कुलपात असायची, मागायला गेलं की दहा प्रश्न. त्यामुळे वीस वर्षं अप्पांनी सगळा पत्रव्यवहार पोस्टकार्डावरच केला. बारीक, वळणदार अक्षर, तसूभर जागा वाया जाणार नाही.

१९३२ साली आमच्या शाळेतली मोहोळची वच्छला मॅट्रिक झाली. तिला पुण्याच्या कॉलेजात जायचं होतं आणि वसतिगृहात जागा हवी होती. अर्ज शाळेमार्फत जायचा; त्यावर वडिलांची सही नव्हती, म्हणून अप्पांनी कारण विचारलं. तिनं आधी दार लोटलं.

"आबा महारोग्यांच्या दवाखान्यात हायती. कुणाला कळू देऊ नगा, अप्पा."

अप्पांचा जीव कळवळला. वसतिगृहाच्या बाई सहीसाठी अडून बसतील, म्हणून या भल्या माणसानं त्यांना खरं कारण कळवलं आणि खाली लिहिलं, 'ही गोष्ट कृपया गुप्त ठेवावी.' लिहिलं मात्र उघड्या कार्डावर!

टपालपेटीत कार्ड पडलं आणि अप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी फटीत हात घातला, तो मनगटापुढे जाईना. पोस्टमन नागप्पा येईपर्यंत आम्ही दोघं उन्हात उभे होतो.

"पेटीत पडलं की सरकारचं, अप्पा. मला देता येत न्हाय," नागप्पा म्हणाला. अडाणी लोकांना कार्डं वाचून दाखवायची त्याची रोजची सवय. हेही त्यानं उभ्याउभ्या वाचलं आणि हळूच म्हणाला, "लई वाईट झालं की."

मी अप्पांना म्हटलं, पोरीला आजच सांगून टाका. ते नुसते पगडी सारखी करत बसले. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. पुढचे आठ दिवस टपाल आलं की ते खुर्चीतून उठायचे.

उत्तर आलं तेही कार्डावरच. 'महारोग्याच्या मुलीला इतर मुलींत ठेवता येणार नाही.' ते गठ्ठ्यात सगळ्यात वर होतं. शिपायानं वाचलं, मास्तरांनी वाचलं. दुपारी वच्छला आली तेव्हा वऱ्हांड्यातले सगळे गप्प झाले.

तिनं कार्ड दोनदा वाचलं.

"मी तुमाला एकट्यालाच सांगितलं होतं, अप्पा."

तिनं कार्ड घडी करून पदरात खोचलं.

"रविवारी मी दवाखान्यात जाते. आबा इचारतील, जागा का न्हाय मिळाली. त्येन्ला मी काय सांगू?"