पायाचा अंगठा

मंगळवारी आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आजी, अंगठा हलवा." तिनं हाताचा हलवला.

"अहो, पायाचा!"

"पायानं तर तुम्हाला अंगठाच दाखवलाय," ती हसली.

मला हसू आलं नाही. कमरेतून निघालेली बोटाएवढी जाड नस खुब्यामागून मांडीत उतरते; पाऊल उचलायचा निरोप तिच्यातूनच जातो. नस कायमची दुखावली असेल, तर आईचं पाऊल फरफटणार होतं. रोज सकाळी डॉक्टर, आई आणि मी, आम्ही तिघं त्या अंगठ्याकडे श्वास रोखून पाहायचो. मनातली इच्छा देहातून एवढी वाट चालून येते, हे मला कधी जाणवलंच नव्हतं. निरोप पोचण्याआधीच न्यूमोनियानं आई गेली.

आता घरात मी एकटाच चालतो.