डाव्या पायाला काम नसलेली गाडी

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई मी परकरात असल्यापासून सांगत आली. त्यात खोटं काही नाही. नव्वदच्या दशकात जुनी जीप घेऊन मी एकटी नाशिकहून सटाण्याला माहेरी जायचे. घाटात गिअर बदलला की ती जीप जी गुरगुरायची, त्यानेच मला बरं वाटायचं. मग डावा घोटा मोडला, आत सळई बसली आणि क्लच दाबणं डॉक्टरांनी बंद केलं. पुढे काही वर्षं मी दुसऱ्यांच्या गाडीत मागे बसून हिंडले. समोरचा ब्रेक उशिरा दाबतोय असं वाटून मीच आपली मागे पाय आपटायचे. घरातले वैतागायचे, मीही वैतागायचे.

मग एक दिवस नवऱ्याने मुंबईहून कुणीतरी वापरलेली हायब्रीड गाडी आणली. पेट्रोलचं इंजिन, त्याच्या मदतीला बॅटरीवरची मोटर. क्लच नाही आणि गिअर बदलायचेही नाहीत. आत कसलासा पट्टा सरकतो म्हणे, तो आपला आपण वेग सांभाळतो. "डाव्या पायाला कायमची सुट्टी," नवरा म्हणाला. पण लगेच अट घातली. आईला सटाण्याहून एकटीने जाऊन आणायचं. वाटेत कुठे अडले, तर सोमवारपासून ड्रायव्हर. तो माणूस त्याने बघूनही ठेवला होता. मला असा राग आला की डबाही न घेता निघाले.

सुट्टी मिळाल्याचं पायाला कोण सांगणार? नाशिकमधल्याच द्वारकेच्या चौकात पुढे रिक्षा आडवी आली आणि डावा पाय सवयीने क्लच शोधायला धावला. सापडला तो ब्रेक. गाडी जागच्या जागी गचकन थांबली आणि इंजिन गप्प झालं. उभी राहिली की इंजिन आपलं आपण थांबतं आणि ब्रेक सोडला की पुन्हा सुरू होतं, अशीच त्या गाडीची रीत. मला ती माहीत होती, चौकाला नव्हती. बाई चालवतेय, गाडी बंद पडलीय, म्हणजे धक्का मारायचा! पेरूची हातगाडी सोडून एक जण आला, मागून आणखी दोघं आले. "ताई, सेकंड टाका! क्लच दाबून धरा, सांगितलं की सोडा!" मी आतून ओरडत होते, अहो, क्लचच नाही. ऐकतो कोण? शेवटी पाय ब्रेकवरून काढला, इंजिन सुरू झालं, गाडी पुढे सरकली आणि मागे एकच जल्लोष झाला. "झाली चालू! आता सटाण्यापर्यंत बंद करू नका," असं पेरूवाल्याने बजावलं. सटाणा त्याला मीच त्या गडबडीत ओरडून सांगितलं असणार. यालाच अडणं म्हणतात का, हा प्रश्न मग पिंपळगावपर्यंत माझं डोकं खात होता.

घाटात तर जीव नुसता टांगणीला लागला. उजवा पाय दाबला की इंजिन एकाच सुरात ओरडत राहायचं, सूर बदलायचा नाही, आणि गाडी मात्र गुपचूप वर चढायची. माझा डावा हात गिअरच्या दांड्यावर जायचा आणि रिकामा परत यायचा. डावा पाय तर सारखा उचलायचा. मला तो तोडून टाकावासा वाटला.

आई ओट्यावर पिशवी घेऊन बसली होती. गाडीत डोकावून म्हणाली, "ड्रायव्हर कोठे शे?"

"मीच."

"आनि तुना पाय?"

"त्याला यात कामच नाही."

ती शेजारी बसली. सटाण्याच्या बाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. गाडी थांबली की इंजिन गप्प आणि निघाली की चालू, हे आईने तिथेच पाहिलं. माझा गुडघा पुन्हा उसळला. "काम नई, तं मंग तो काबर उड्या मारी राहिना?" असं म्हणून तिने उजवा हात माझ्या डाव्या गुडघ्यावर ठेवला. लहानपणी जेवताना पाय हलवला की ठेवायची, तसाच. मला एकदम रडू आलं आणि ते मी रागाखाली दडपलं, ट्रॅक्टरवाल्यांना दोन शिव्या हासडल्या.

चांदवडच्या पुढे तिला डुलकी लागली, हात गुडघ्यावरून घसरला. पाय मात्र जागेवरून हलला नाही.

द्वारकेला लाल दिवा लागला. मी उजव्या पायाने ब्रेक दाबला, इंजिन गप्प झालं. पेरूवाल्याने ओळखलं. "ताई, परत बंद?" म्हणत तो मागे धावणार, तेवढ्यात आई जागी झाली. काच खाली करून म्हणाली, "बंद नई पडनी, दादा. उगी उभी शे."

नवरा फाटकातच उभा होता. "कुठे अडलीस का?" मी द्वारकेची हकीगत सांगायला तोंड उघडलं.

आई आधी उतरली. "जवाईबापू, त्या ड्रायव्हरले नको म्हना," ती म्हणाली. "इना पाय आता उगा बसस."

माझा पाय शांत बसतो, हे आईच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.