तुर्गुनालीच्या गाडीचा तंग

तुर्गुनालीनं ओस्मोनला घोडा दिला आणि त्याच्याकडून विजेवरची दुचाकी गाडी घेतली, तेव्हा अख्ख्या कुरणानं त्याला वेड्यात काढलं. पण घोडा त्याचं ऐकत नव्हता आणि गाडी ऐकत होती, एवढंच खरं कारण. गाडीला आवाज नाही म्हणून वळताना घोड्या बिथरत नाहीत, हे त्याला नंतर सुचलं. सांगायला मात्र तेच पुढे करायचा.

माणूस घोड्यांतच वाढलेला. गाडीवर बसताना डावीकडूनच बसणार, थांबवताना 'दर्रर्र' म्हणणार. संध्याकाळी शिंगरांच्या दोरीला गाडीही बांधून ठेवायचा. "पळून जाईल काय रं ती?" म्हणून कोणी हसलं तर म्हणायचा, "एकटी पडंल."

खोट एकच होती. पुढचे दोन शॉकअप धरून ठेवणारे क्लॅम्प कारखान्यातून आलेले, बिस्किटासारखे तकलादू. ओढ्यातल्या दगडांवर चाक नारिन शहराकडे वळायचं आणि हँडल चीनकडे. अशाच एका दगडावर त्यानं सासूला पाडलं.

ही सासू, बुरुल-आपा, म्हणजे साधं ओझं नव्हे. तरुणपणी शर्यतीत पुरुषांच्या पुढे घोडा काढलेली बाई. ती चिखलातून उठली, रुमाल नीट बांधला आणि म्हणाली, "जावईबापू, माझ्या नातीच्या बाळाला पाळण्यात घालायचंय, पलीकडच्या खोऱ्यात. तिथवर मला ह्याच गाढवावरनं न्यायचं. मी पडले, तर गाडी ओस्मोनला परत आन् घोडा आपल्या दारात."

"आणि न्हाई पडला तर?"

"तर राहू दे तुझी गाडी."

तुर्गुनालीनं त्याच दिवशी दुकानदाराला फोन लावला. राजधानी बिश्केकहून जाडजूड क्लॅम्प मागवले. जीपवाल्यानं ते आणून दिले, नारिंगी रंगाचे, हातात घेतले की मनगट लवावं असे वजनदार. आमच्याकडे नवी वस्तू बघायला कोणी हात हलवत येत नाही. तुर्गुनालीची बायको आसिलकान हिनं क्लॅम्प उशीवर मांडले, नव्या नवरीसारखे, वर झिरझिरीत ओढणी. बायका यायच्या, वाळल्या दह्याचे गोळे नाहीतर खडीसाखर ठेवायच्या, ओढणी उचलून म्हणायच्या, "अगं बाई, खांदे काय रुंद हायत!"

मग बसवायचं काम. मी शेजारच्याच तंबूतला, उजेडासाठी विजेरी धरायला गेलो. जुने क्लॅम्प निघाले, नवे चढले. दुकानदारानं फोनवर सांगितलं होतं, बोल्ट हलक्या हातानं, सारखे आवळ. तुर्गुनालीनं आवळले. मग गाडी हातानं ढकलत तंबूभोवती फिरवली, ढुंगणावर थाप मारली आणि पुन्हा आवळायला बसला.

"आता कशाला?" मी विचारलं.

"खोगिराचा तंग, पोटाखालचा पट्टा, आवळताना घोडा पोट फुगवतो का न्हाई? पहिला आवळ कायम खोटा."

"आरं, हिला पोट कुठंय?"

"तुला दिसत न्हाई म्हणून न्हाई काय?"

पुन्हा फेरी, पुन्हा आवळ. शेवटी पाना वाकायला आला तेव्हा त्याचं समाधान झालं.

पाळण्याच्या दिवशी बुरुल-आपा मखमली जाकीट घालून मागं बसली. मांडीवर सायीचं पातेलं. मी माझ्या घोड्यावर बरोबर होतो, मलाही आमंत्रण होतं. हँडल आता चाकाच्याच दिशेला होतं, हे खरं. पण पहिल्या खड्ड्यात पुढचे शॉकअप तसूभर दबले नाहीत. गाडी लाकडी बाकासारखी उडाली. आपा हातभर वर गेली आणि पातेल्यासकट जागेवर आली. साय तुर्गुनालीच्या मानेवर.

"पडला न्हाई ना, आपा?" तो ओरडला.

"अजून वरच हाय मी!"

दुसऱ्या खड्ड्यात तिनं त्याचे कान धरले. तिसऱ्या वेळी एक पाय जमिनीला लागता लागता राहिला. "दर्रर्र!" ती म्हणाली, आणि तुर्गुनाली पांढराफटक पडून थांबला. गाडी गेलीच, असं त्याच्या तोंडावर लिहिलं होतं.

आपा उतरली. गाडीच्या पुढं गेली. दोन्ही हातांनी हँडल धरून खाली दाबलं. ढिम्म.

"तंग किती आवळलास रं?"

"दम असंस्तवर."

"आन् श्वास कुठनं घ्यावा हिनं? तुझ्याच गळ्याला दोरी बांधून पळवू का? सोड जरा."

त्यानं पाना काढला, खालच्या क्लॅम्पचे बोल्ट सैल केले. चिमटून धरलेले शॉकअप सुटले. मग आपा बघत होती म्हणून, अगदी बोटात अंगठी बसवावी तसं, पुन्हा हलकं आवळलं. आता हँडल दाबलं तर पुढचा भाग हळूच खाली गेला, हळूच वर आला.

"हां," आपा म्हणाली. "आता जित्ती झाली."

पुढचा रस्ता कसा संपला कळलंच नाही. दगड खालून जात होते आणि आपा वरून गाणं म्हणत होती. पाळण्याच्या घरी पोचलो तेव्हा तिनं सगळ्या बायकांदेखत सांगून टाकलं, "न्हाई पडले. गाडी ऱ्हाईल." तुर्गुनालीनं डोळे पुसले; साय गेली होती म्हणाला डोळ्यांत.

परत निघायच्या वेळी आपा आधीच पुढच्या जागेवर बसलेली होती. डावीकडूनच चढली असणार.

"आपा, चावी..."

"मागं बस. कंबर घट्ट धर, लाजू नकोस, जावई हायस."

त्या दिवसापासून घोड्या वळायला बुरुल-आपा जाते. सकाळी उतारावरून रुमाल फडफडत निघतो तेव्हाच कळतं की गाडी निघाली, आवाज तर नसतोच. तुर्गुनाली खाली बसून दूध काढतो; आमच्याकडे घोडीचं दूध पितात. परवा त्यानं धीर केला. "आपा, आज जरा मी घेऊ का गाडी?"

"घ्या की, जावईबापू," ती म्हणाली. "माझं झालं की आसिलकानचा नंबर हाय. तिच्यामागं उभं ऱ्हावा."