धड कापडावरचं ठिगळ

"शेणाला नवं-जुनं कळतंय व्हय?"

पाटलीण असं म्हणाली तेव्हा माझी माय तिच्या गोठ्याच्या दारात उभी होती. अंगावर कोरं लुगडं. हिरवं, लाल काठाचं. घडी त्याच सकाळी मोडलेली. आम्ही दोघी बाजारला निघालो होतो. वाट पाटलाच्या घरावरून जायची. पाटलिणीनं ओसरीवरून हाक मारली, म्हणून थांबलो.

आधी तिनं मायला वरून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "हे आमच्याकडून गेल्यालं न्हाई. कुणी दिलं?"

माय म्हणाली, "भावानं दिलं, अक्का."

माझ्या मायला भाऊ नव्हता. लुगडं तिनं स्वतः घेतलं होतं, काढणीला मिळालेली ज्वारी विकून. पण आमच्यातल्या बाईनं स्वतःसाठी कोरं कापड घेतलं, असं त्या दारात सांगता येत नव्हतं. कुणीतरी दिलेलंच असलं पाहिजे. दिलेलं नसेल तर चोरलेलं.

"भावानं व्हय? बरं. गोठ्यातलं शेण राहिलंय. तेवढं उकिरड्यावर टाक अन् जा."

"घरला जाऊन दुसरं नेसून येते, अक्का."

तेव्हा तिनं ते शेणाचं म्हटलं.

मायनं टोपलं भरलं. पावसाळ्यातलं पातळ शेण. डोक्यावरून मानेवर, मानेवरून पदरावर ओघळत होतं. मी मागून चालत होते. पाटलीण शेंगा फोडत बसली होती. आमच्याकडं बघतही नव्हती. बघायची तिला गरज नव्हती.

त्या दिवशी आम्ही बाजारला गेलो नाही.

आमचं गाव मुडबीच्या अलीकडं. तेव्हा आम्ही निजामाच्या हैदराबाद राज्यात होतो, म्हैसूर राज्यात गेलो नव्हतो. मी लहान होते, पण कळण्याइतकी मोठी होते.

त्यानंतर मायनं एक रीत धरली. नवं लुगडं आणलं की नेसायच्या आधी त्याला ठिगळ लावायचं. जुन्या लुगड्याचा तुकडा घ्यायचा, तळहाताएवढा, आणि गुडघ्याच्या जरा वर, समोरच्या माणसाला दिसेल असा शिवायचा. खालचं कापड धडच असायचं. मला शेजारी बसवून तिनं ते शिकवलं. टाके मोठे घालायचे. बारीक घातले तर हौसेनं लावलंय असं वाटतं.

पुढं आमच्या वस्तीनं बुद्धाचा मार्ग धरला. घरातले देव टोपलीत भरून नदीला नेले. मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. पाटलाच्या दारची भाकर सोडली. माणसं ताठ चालायला लागली. ठिगळ मात्र सुटलं नाही. ते बायकांचं होतं. त्याच्यावर सभेत कुणी बोललं नाही.

लग्न होऊन मी गुलबर्ग्याला आले. नवरा डाळीच्या गिरणीत हमाल, मी तिथंच तूर निवडायला. गुलबर्ग्यात माझी जात कपड्यावरून कुणी ओळखत नव्हतं. पाटलाचं घर तिथून लांब. तरी मी ठिगळ लावायचे. गिरणीतल्या बाया हसायच्या. एक तर म्हणायची, "अक्का, तुझं लुगडं दुकानातूनच ठिगळ लावून येतंय व्हय?" मीही हसायचे. खरं सांगितलं नाही. ठिगळाशिवाय बाहेर पडले की पाठीला डोळे फुटल्यासारखं व्हायचं. आता कुणीतरी हाक मारेल, आता विचारेल.

माय गेली तेव्हा मी तिच्या लुगड्याच्या ठिगळाखाली बोट घालून बघितलं. कापड धड होतं.

माझी लेक शिकली. मास्तरीण झाली. तोवर मी पन्नाशीला आले होते, केस पिकले होते. तिनं एका रविवारी माझी पेटी उघडली आणि एकेक लुगडं बाहेर काढलं. विटलेली, आखडलेली, सगळी ठिगळाची. म्हणाली, "आई, आता थोडी घे पण चांगली घे. सणाची न्हाई, रोजची. रंग उतरणार न्हाई, काठ आखडणार न्हाई अशी. ह्या वयात अंगाला टोचणारं कापड कामून घालायचं?"

बाजारात दुकानदारानं मला बघितलं आणि लेकीला म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाला ना? मग हलक्यातलं दाखवतो."

लेक म्हणाली, "भारी दाखवा. रोज नेसायचंय."

तीन इरकली नऊवारी घेतली, मऊ सुताची. एक पांढरं, विहारात जायला. खणाच्या चोळ्या शिवायला टाकल्या. शिंप्यानं माझ्या दंडाला फीत लावली तेव्हा मी हात आखडून घेतला. जन्मभर मी दुसऱ्याच्या मापाच्या चोळ्या घातल्या होत्या. माझ्या दंडाला स्वतःचं माप आहे हे मला माहीत नव्हतं.

घरी येताना पुडकं मांडीवर होतं. मी ते पदराखाली झाकलं. कुणाचं तरी उचलून आणल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी लेक शाळेतून लवकर आली. मी दारात उजेडाला बसले होते.

"काय करायलीस?"

"ठिगळ लावायले."

"फाटलं कुठं? काल तर आणलं."

"फाटलं न्हाई."

"मग कामून?"

मी तिला सांगितलं. गोठा, टोपलं, मला नसलेला मामा. तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, जवळही आली नाही. चप्पल काढता काढता म्हणाली, "म्हंजे माझ्या पगाराचं लुगडं बी कुणीतरी दिल्यालं दिसाया पाहिजे. लाव, आई. पण ते ठिगळ तू लुगड्याला लावायली न्हाईस. माझ्या पगाराला लावायलीस."

ती आत गेली. मी टाके उसवले. ह्या टाक्यांनी मायनं मला सांभाळलं होतं. ती जन्मभर लपून नेसली आणि मी उघड नेसणार. मेलेल्या बाईला वाटेत सोडून पुढं निघाल्यासारखं वाटलं.

पुढं गावाकडं माझ्या भावाच्या पोराचं लग्न निघालं. गावाला गेले. अंगावर निळं इरकल. धड. माहेरची वाट तीच, पाटलाच्या घरावरून. जुनी पाटलीण वारली होती. तिची सून ओसरीवर होती, बिदरला शिकलेली, बोलायला गोड.

"मावशी, थांबा की. बसा, चहा ठिवते."

मी पायरीवर बसले. तिनं आतून एक गठुडं आणलं.

"ह्या घिऊन जावा. आमच्या सासूबाईच्या साड्या हाईत. एक बी फाटकी न्हाई. तुमच्या वयाला रोजच्याला बऱ्या. अंगावरचं जपून ठिवा, सणाला व्हईल."

माझे हात पुढं गेले होते. मी पाठवले नव्हते. आपोआप गेले. ओंजळ झाली होती.

मी ती ओंजळ बघितली. चिडले त्या बाईवर नाही, त्या हातांवर. हात मागं घेतले.

"अंगावरचं बी रोजचंच हाय, बाई."

"आं?"

"रोज नेसायलाच घेतलंय. मी घेतलंय, माझ्या लेकीनं घेतलंय. हे मला नको."

तिचा चेहरा उतरला. "मी चांगल्या मनानं द्यायले व्हते, मावशी." ते खरं होतं. म्हणूनच जास्त लागलं. सासूसारखी बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. चहा तसाच ठेवून मी उठले. काहीतरी जिंकलं असं वाटलं नाही. कुणाच्या तरी तोंडावर दार लावून आल्यासारखं वाटलं.

भावजयीला कळलं तेव्हा ती पाण्याची घागर ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. "फुकट मिळायलं व्हतं ते सोडून आलीस? शहरात राहून माज आलाय व्हय? तुला नको, मला तरी आणायचं."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः जाऊन गठुडं घेऊन आली. तिच्या अंगावरचं विरलेलं होतं, माझ्या अंगावरचं कोरं. तिला शिकवायला मला तोंड नव्हतं. माझ्या नकारानं तिचं अंग झाकलं जात नव्हतं. ही टोचणी घेऊनच मी परत आले. ती अजून आहे.

माझी लेक म्हणते, आता तरी मोकळी हो. मोकळी झाले नाही. आता मी ऐंशीकडं झुकले. कोऱ्या कापडाची घडी मोडली की अजून अंगावर काटा येतो, कुणीतरी विचारायला येईल म्हणून. मायचं वाईट वाटतं. भावजयीचं वाटतं. त्या सुनेचंही वाटतं.

वाटू दे. तरी मी चांगलं नेसते आणि रोज नेसते. नळावर, रेशनच्या रांगेत, दवाखान्यात. मी चोर नाही हे मला कळलंय, अंगाला अजून कळलेलं नाही. त्याला कळेस्तोवर मी थांबणार नाही. ते थरथरेल आणि मी नेसून बाहेर पडेन.